उन्हाळी कलाशिबिरावर विकिपीडियात स्वतंत्र लेख असावा का? ठाणेकरांनो, मत हवंय

रंगपेटी
शुक्रवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात मी मराठी विकिपीडियावर पहिल्यांदाच एक लेख लिहिला, आमच्या नौपाड्यातल्या उन्हाळी कलाशिबिरावर. तिसऱ्या दिवशी लेखाच्या माथ्यावर पाटी लागली: विषयाची विश्वकोशीय उल्लेखनीयता स्पष्ट होत नाही, स्वतंत्र संदर्भ द्यावेत, नाहीतर लेख काढला जाऊ शकतो. चर्चा पानावर एका सदस्याने कारणंही नीट लिहिली आहेत. वाचून वाईट वाटलं. त्यातली निम्मी पटली, निम्मी नाही. म्हणून इथे विचारते आहे.

शिबिराचं नाव मुद्दाम घेत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. १९८६ पासून सुरू आहे, करोनाची दोन वर्षं सोडली तर एकही उन्हाळा चुकलेला नाही. वार्षिक परीक्षा संपल्या की एका शाळेच्या हॉलमध्ये एकवीस दिवस, सकाळी आठ ते साडेअकरा. मातीकाम, ठसेकाम, गाणी, मुखवटे आणि शेवटच्या रविवारी मुलांनीच उभं केलेलं नाटक. मी चौथीपासून सातवीपर्यंत गेले. फुगा फुगवून त्यावर मैद्याच्या खळीत भिजवलेल्या रद्दीचे सहा थर लावायचे, दोन दिवस वाळवायचे आणि मग टाचणीने आतला फुगा फोडायचा. तो आवाज झाला की हातात आपला मुखवटा! माझा राक्षस अजून आईच्या घरी माळ्यावर आहे. आता माझी मुलगी जाते. तिलाही खळच करायला शिकवतात, फेव्हिकॉल नाही.

माझ्याकडचे पुरावे सांगते. शिबिराच्या रौप्यमहोत्सवाची चौसष्ट पानी स्मरणिका. स्थानिक पुरवण्यांतल्या पाच बातम्या. एका नावाजलेल्या अभिनेत्याची मुलाखत, त्यात "ठाण्याच्या शिबिरात मी पहिल्यांदा रंगमंचावर उभा राहिलो" एवढं एक वाक्य. एका माजी विद्यार्थ्याचा ब्लॉग. आणि एक जुनं चार कॉलमी कात्रण, शिबिराच्या नाटकाचं परीक्षण. पण आईने ते माझ्या फोटोच्या कडेने कापलं, त्यामुळे वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि शेवटच्या काही ओळी गेल्या.

हे पुरेसं आहे का?

पाचपाखाडीकर
शुक्रवार, रात्री १०.४८

माझ्या दोन्ही मुली या शिबिरात होत्या. चाळीस वर्षांच्या आसपास चाललेल्या गोष्टीला जागा नाही, मग कशाला आहे? माझं मत लेख राहावा असं.

संदर्भ_हवा
शनिवार, सकाळी ७.१५

रंगपेटी, लेख वाचला. भाषा चांगली आहे, जाहिरातबाजी नाही. मी बारा वर्षं मराठी विकिपीडियावर संपादन करतो. ही पाटी माझी नाही, पण माझ्या नजरेस लेख आधी पडला असता तर मीही लावली असती. कारण सांगतो.

"उल्लेखनीयता" या शब्दाने बराच घोटाळा होतो. लोकांना वाटतं, विषय मोठा की लहान ते ठरवत आहेत. प्रत्यक्षात तपासतात ते एवढंच, की ज्यांचा या विषयाशी काही संबंध नाही अशा कुणी, जिथे संपादक नजर टाकतो अशा ठिकाणी, या विषयावर सविस्तर लिहिलं आहे का. त्रयस्थ, विश्वासार्ह, सविस्तर. हे तिन्ही गुण एकाच संदर्भात असावे लागतात. एकात त्रयस्थपणा आणि दुसऱ्यात सविस्तरपणा अशी बेरीज चालत नाही. आणि असा एकच संदर्भ पुरत नाही, दोन-तीन तरी लागतात.

आता तुमचे पुरावे घेऊ. स्मरणिका सविस्तर आहे, पण ती शिबिरानेच काढलेली. सुरुवात कधी झाली, हॉल कुठला, एवढ्या साध्या तपशिलासाठी वापरता येईल, उल्लेखनीयतेसाठी नाही. पाच बातम्यांपैकी तुम्ही लेखात जोडलेल्या तीन मी वाचल्या. तिन्ही "नावनोंदणी सुरू" प्रकारच्या आहेत, आणि दोन वेगळ्या दैनिकांत शब्दन् शब्द सारखा मजकूर आहे. म्हणजे ते आयोजकांचं प्रसिद्धिपत्रक आहे. छापलं वर्तमानपत्राने, लिहिलं शिबिराने. मुलाखतीत एक वाक्य. ब्लॉगला संपादक नाही.

उरतं ते कात्रण, आणि मला त्यातच रस आहे. परीक्षण असेल तर कुणीतरी खुर्चीत बसून नाटक पाहिलं आणि स्वतःचं मत लिहिलं. ते कुठल्या दैनिकात, कधी आलं ते शोधा. इंग्रजी विकिपीडियावर संस्थांसाठी आणखी एक अट आहे, निव्वळ गावातल्या माध्यमांतली दखल पुरत नाही, निदान एक संदर्भ प्रादेशिक किंवा राज्य पातळीवरचा लागतो. आपल्याकडे नियम इतके काटेकोर लिहिलेले नाहीत, पण चर्चेत तोच मुद्दा निघतो.

पाचपाखाडीकर, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण लेख ठेवायचा की काढायचा ही हात वर करायची निवडणूक नसते. इथे पन्नास जणांनी अनुमोदन दिलं आणि एकाने एक चांगला संदर्भ दिला, तर वजन संदर्भाला.

नेपथ्यवाला
शनिवार, सकाळी ११.०२

संदर्भ_हवा, तुमचा नियम समजला. आता माझं ऐका. मी पस्तीस वर्षं बॅकस्टेज केलं, त्यातली पंधरा बालनाट्यांना दिली. मुलांच्या नाटकाचं परीक्षण लिहायला कोण येतं? १९५९ मध्ये सुधा करमरकर अमेरिकेतून नाट्यशिक्षण घेऊन आल्या आणि साहित्य संघाच्या आधाराने लिटिल थिएटर सुरू केलं. पहिलं नाटक रत्नाकर मतकरींचं होतं, 'मधुमंजिरी'. तिथे मोठी माणसं होती, गिरगाव होतं, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या चालत जाण्याच्या अंतरावर होत्या, म्हणून त्याची नोंद राहिली. आणि ती राहिली हे भाग्यच! पण त्याच कामाची पुढची पिढी ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात शाळांच्या हॉलमध्ये काम करत होती. तिथे कुठला समीक्षक आठ-सदतीसची लोकल पकडून यायचा?

नोंद नाही म्हणजे काम नाही असं तुम्ही म्हणत नाही, मान्य. पण परिणाम तोच होतो. वीस वर्षांनी कुणी मराठी बालरंगभूमीचा इतिहास शोधला तर त्याला दादर-गिरगावच दिसणार, आणि त्याला वाटणार खाडीपलीकडे काही घडतच नव्हतं.

वाशीकरीण
शनिवार, दुपारी १.३०

नेपथ्यवाला काका, तुमचा मुद्दा काळजाला लागला. पण दुसरी बाजूही पाहा. मी वाशीत राहते. मार्च संपला की सोसायटीच्या फाटकावर, सेक्टरच्या प्रत्येक झाडावर समर कॅम्पचे फलक. नेरूळ, सीवूड्स, खारघर, सगळीकडे हेच. त्यातली काही खरोखर चांगली असतील. पण उद्या तुमच्या शिबिराला "खूप वर्षं चाललं, मुलांना आवडतं" या आधारावर जागा दिली, तर परवा या सगळ्यांचे लेख येतील, आणि ते लिहिणारे रंगपेटीसारखे कळकळीने लिहिणार नाहीत. फीचा तक्ता आणि व्हॉट्सॅप क्रमांकासकट लिहितील. त्यांना कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? काहीतरी एक मोजपट्टी हवी, जी तुमच्या-माझ्या आवडीवर ठरत नाही.

तळ्यापल्याड
शनिवार, दुपारी ३.१०

परदेशातल्या उन्हाळी कलाशिबिरांवर लेख आहेत, ते कशाच्या जोरावर टिकले ते पाहू या. नुसतं "त्यांना मिळतं, आपल्याला नाही" म्हणण्यापेक्षा ते उपयोगी पडेल.

अमेरिकेत मिशिगनच्या जंगलात इंटरलॉकन आहे. १९२८ मध्ये जोसेफ मॅडी यांनी शाळकरी मुलांच्या वाद्यवृंदाचं शिबिर म्हणून सुरू केलं, पुढे १९६२ मध्ये तिथेच बारमाही कलाशाळा उभी राहिली. टँगलवूडला बॉस्टन सिम्फनीचे संचालक सर्ज कूसेवित्स्की यांनी १९४० मध्ये उन्हाळी संगीतकेंद्र काढलं, पहिल्याच तुकडीत लेनर्ड बर्नस्टाईन विद्यार्थी होते. आणि न्यूयॉर्क राज्यातलं स्टेजडोअर मॅनर, १९७५ पासूनचं, निव्वळ मुलांच्या नाटकांचं शिबिर. नॅटली पोर्टमन तिथे होती, रॉबर्ट डाउनी ज्युनियर होता.

वाटेल की नामवंत विद्यार्थ्यांमुळे लेख टिकला. तसं नाही. विकिपीडियावर उल्लेखनीयता वारशाने मिळत नाही, ना पालकाकडून मुलाला, ना विद्यार्थ्याकडून शाळेला. स्टेजडोअरवर एका पत्रकाराने तिथे राहून अख्खं पुस्तक लिहिलं आहे, आणि २००३ मध्ये त्या शिबिरावर बेतलेला चित्रपट आला. म्हणजे बाहेरच्या माणसाने येऊन, वेळ घालवून लिहिलं. तुमच्या अभिनेत्याचं वाक्य म्हणून उपयोगी पडत नाही. त्याने किंवा इतर कुणी त्या शिबिरावर चार पानं लिहिली असती तर गोष्ट वेगळी.

देशातलंही उदाहरण आहे. म्हैसूरच्या रंगायणचा उन्हाळ्यातला चिन्नर मेळा. रंगायण ही १९८९ मध्ये ब. व. कारंत यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सरकारी नाट्यसंस्था, तेव्हा शिबिराला संस्थेच्या लेखात आपसूक जागा मिळते. नौपाड्यातल्या शिबिरामागे अशी संस्था नाही, हीच अडचण आहे. शिबिर हीच संस्था.

रंगपेटी
शनिवार, रात्री ९.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. संदर्भ_हवा, दोन बातम्यांतला मजकूर सारखा आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आज दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या. एक स्वल्पविरामसुद्धा वेगळा नाही.

कात्रणाचे दोन्ही बाजूंचे फोटो टाकते आहे. पुढे परीक्षण आणि मी, उजवीकडून दुसरी, राक्षसाच्या मुखवट्यात. परीक्षणात नाटकाची गोष्ट, मुलांच्या आवाजाबद्दल, नेपथ्यात वापरलेल्या गोणपाटाबद्दल आणि प्रयोग गडकरी रंगायतनला झाला याबद्दल बरंच आहे. मागे अर्धवट काहीतरी आहे. मी तेव्हा पाचवीत की सहावीत होते, ते आठवत नाही.

पाचपाखाडीकर
शनिवार, रात्री ९.४०

मागची बाजू मोठी करून पाहिली. मोठ्या टायपात "…रणमध्ये आणखी दोन" एवढं दिसतंय, पुढे कापलेलं. हे पोखरण आहे! मे १९९८. ११ मेला, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी तीन चाचण्या झाल्या आणि १३ तारखेला आणखी दोन. म्हणजे हा अंक गुरुवार, १४ मे १९९८ चा. एवढी मोठी बातमी पहिल्याच पानावर असणार, तेव्हा तुझं परीक्षण दुसऱ्या पानावर असलं पाहिजे. मला तो दिवस चांगला आठवतो, आमच्या ऑफिसात दुपारपर्यंत कुणी कामाला हात लावला नव्हता.

संदर्भ_हवा
शनिवार, रात्री १०.१२

पाचपाखाडीकर, उत्तम काम केलंत. आता कुणीतरी बांधलेले खंड उघडून पाहायला हवेत. संदर्भ इंटरनेटवर असलाच पाहिजे असं मुळीच नाही. दैनिकाचं नाव, तारीख, आवृत्ती, पान, मथळा आणि लेखकाचं नाव एवढं दिलं की छापील अंक पूर्ण ग्राह्य आहे.

निवृत्त_ग्रंथपाल
रविवार, सकाळी ८.३०

बांधलेल्या खंडांबद्दल एक-दोन सूचना. एकाच तारखेवर विसंबू नका, मागचा-पुढचा एकेक दिवस पाहा. पान उलटताना वरच्या कोपऱ्याला धरू नका, मधोमध तळहात सरकवून उचला, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा वर्तमानपत्री कागद बिस्किटासारखा तुटतो. फोटो काढायची परवानगी आधी विचारा आणि फ्लॅश बंद ठेवा.

दुसरं, कोशांबद्दल. केतकरांचा ज्ञानकोश तेवीस खंडांचा. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, त्याचा पहिला खंड १९७६ चा. त्या कोशांना पानांची मर्यादा होती, म्हणून काय घ्यायचं ते तज्ज्ञ मंडळी ठरवत. विकिपीडियाला पानांचा तुटवडा नाही आणि लिहिणाऱ्याची पदवीही कुणी विचारत नाही, म्हणून तिथे सगळा भार संदर्भावर. लिहिणारा कोण हे ठाऊक नसताना वाचकाने विश्वास ठेवायचा तो कशावर? तळटिपेवरच. हे मला पटतं. नोकरीत असताना "हे कुठे छापलंय?" हा प्रश्न मी हजारदा ऐकला आहे, आणि तो उद्धट प्रश्न नाही.

अकरावी_कॉमर्स
रविवार, सकाळी ९.५५

नमस्कार. मी या शिबिरात सहा वर्षं होतो आणि गेल्या उन्हाळ्यात मदतनीस म्हणून गेलो. लहान मुलांना माती मळून द्यायचं काम होतं. मला शाळेत बोलताना अडखळायला व्हायचं. शिबिरात मला पहिल्या वर्षी झाडाचं काम दिलं, दुसऱ्या वर्षी दोन वाक्यं, मग हळूहळू वाढवत नेलं. कुणी माझ्या अडखळण्याबद्दल एकदाही काही बोललं नाही. हे कुठल्याच पेपरात आलेलं नाही, येणारही नाही, ते मला कळतं. पण शोधायला मी येऊ शकतो. सुट्टी आहे. ताई, कधी जायचं सांगा.

रंगपेटी
रविवार, सकाळी १०.२०

अरे, नक्की ये. मंगळवारी सकाळी जाऊ. माझी रजा आहे.

वाशीकरीण
रविवार, सायंकाळी ६.४५

लेखातल्या फोटोंबद्दल एक शंका. रंगपेटी, तुम्ही नऊ फोटो चढवले आहेत. जुने फोटो कुणी काढले? आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्राचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, आणि तो साधारणपणे काढणाऱ्याचा. आपल्या अल्बममध्ये आहे म्हणून आपला होत नाही. कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त फोटोसंग्रहात, चढवला की तो कुणीही, धंद्यासाठीसुद्धा, वापरू शकतो. आणि ताज्या फोटोंत लहान मुलांचे चेहरे ओळखू येतात. त्यांच्या पालकांना विचारलंय का?

रंगपेटी
रविवार, रात्री ८.००

नाही विचारलं. चूक झाली. आठ फोटो काढण्याची विनंती आत्ताच टाकली. माळ्यावरच्या मुखवट्याचा मी काढलेला एक ठेवला आहे.

अकरावी_कॉमर्स
मंगळवार, दुपारी २.३०

सापडलं!!! १४ मे १९९८, पान दुसरं, अगदी पाचपाखाडीकर काकांनी सांगितल्याप्रमाणे. मुंबई आवृत्ती, राज्यभर जाणारं दैनिक. चार कॉलम, फोटोखाली ताई. अंक उघडला तेव्हा खाली लेखकाचं नावपण होतं, जे कात्रणात कापलं गेलं होतं. ताई घरी जाऊन सविस्तर लिहिणार आहेत.

पाचपाखाडीकर
मंगळवार, दुपारी २.४१

शाब्बास रे पठ्ठ्या!

नेपथ्यवाला
मंगळवार, दुपारी ३.२०

राज्य पातळीवरचं दैनिक, चार कॉलम, स्वतंत्र परीक्षण. आता तरी पाटी काढा.

रंगपेटी
मंगळवार, रात्री ११.१०

हे लिहायला उशीर केला कारण तीन तास विचार करत होते.

परीक्षण लिहिणाऱ्याचं नाव वाचलं तेव्हाच ओळखीचं वाटलं. घरी येऊन स्मरणिका काढली. पान सहा, "सल्लागार मंडळ, १९९६ ते २००१", त्यात तिसरं नाव तेच. आडनाव सारखं असलेला दुसरा कुणी असेल म्हणून स्मरणिका पुढे चाळली, तर एकतिसाव्या पानावर त्यांचाच लेख, त्यात त्यांनी म्हटलंय की मी तेव्हा त्या दैनिकात होतो आणि शिबिराबद्दल लिहिण्याची संधी सोडत नसे.

म्हणजे ज्या वर्षी त्यांनी परीक्षण लिहिलं त्या वर्षी ते शिबिराचे सल्लागार होते. परीक्षणात तसा उल्लेख नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. त्यांनी वेळ काढून मुलांचं नाटक पाहिलं, माझ्या मुखवट्यावर एक ओळ लिहिली, ती आईने सत्तावीस वर्षं जपली. पण त्रयस्थ कसं म्हणू? इतर कुणी हे शोधलं नसतं. स्मरणिका फारशा लोकांकडे नाही. तरी मला माहीत असताना लपवून लेख टिकवायचा नाही.

नेपथ्यवाला
बुधवार, सकाळी ७.५०

रंगपेटी, तुझ्या प्रामाणिकपणाला नमस्कार. पण एक विचारतो. ठाण्याच्या नाट्यवर्तुळात तेव्हा माणसं किती? जो लिहिणारा, तोच सल्लागार, तोच स्पर्धेचा परीक्षक, त्याचीच मुलगी शिबिरात. संबंध नसलेला माणूस आणायचा कुठून? आणि मग लेखी नोंदच नसेल तर माणसांच्या तोंडून ऐकलेलं का चालू नये? २०११ मध्ये अचल प्रभाला यांनी भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत मौखिक संदर्भांचा प्रयोग केला होता, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्याच पाठिंब्याने. छापील पुरावा नसलेल्या गोष्टी, मुलांचे खेळ, पाककृती, अशा गोष्टी माहीतगारांना विचारून ध्वनिमुद्रित केल्या आणि ते संदर्भ म्हणून वापरून पाहिले. मल्याळम आणि हिंदीतही केलं. मराठीत का नाही?

संदर्भ_हवा
बुधवार, सकाळी ९.३०

रंगपेटी, तुम्ही स्वतः हे इथे लिहिलंत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. फार कमी लोक लिहितात.

ते परीक्षण वाया गेलेलं नाही. १९९८ चा प्रयोग गडकरी रंगायतनला झाला, तो किती वाजता, कुठलं नाटक, हे सांगायला ते उत्तम आहे. फक्त उल्लेखनीयतेच्या पारड्यात ते टाकता येत नाही.

काका, प्रभाला यांचा प्रयोग मला माहीत आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. त्यावर खूप वाद झाला, आणि तो सर्वमान्य नियम बनला नाही. अडचण अशी की ध्वनिमुद्रण गोष्ट कशी घडली ते सांगतं, पण ती त्रयस्थाने तपासली का, हे त्यातून कळत नाही. खळ कशी करायची हे शिबिर सुरू करणाऱ्या बाईंच्या तोंडून ऐकणं आणि "हे ठाण्यातलं सर्वांत महत्त्वाचं शिबिर होतं" हे बाईंच्याच तोंडून ऐकणं, यात फरक आहे ना? पहिल्यासाठी त्यांच्याइतकं अधिकारी कुणी नाही. दुसरं दुसऱ्या कुणी म्हणायला हवं.

आणि गिरगावच दिसतं, खाडीपलीकडचं दिसत नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. ते विकिपीडियावर दुरुस्त होणार नाही, कारण विकिपीडिया लिहिलेल्याच्या मागे चालतो. दुरुस्त व्हायचं ते आधी कुठेतरी छापून येण्याने.

तळ्यापल्याड
बुधवार, दुपारी १२.१५

मग मधला मार्ग का नको? "बालरंगभूमी" या विषयात ठाण्यावर एक परिच्छेद लिहू. तिथे उल्लेखनीयतेची अट प्रत्येक वाक्याला लागत नाही, विश्वासार्ह संदर्भ असला की पुरे. ठाण्यात सांगण्यासारखं आहेच. मतकरींच्या कल्पनेतून २०१४ मध्ये सुरू झालेला वंचितांचा रंगमंच इथलाच. वस्त्यांमधली मुलं स्वतःचं जगणं स्वतः नाटकात मांडतात, आणि त्यावर बाहेरच्यांनी भरपूर लिहिलं आहे. त्या परिच्छेदात या शिबिराची दोन वाक्यं सहज बसतील, १९९८ च्या त्या परीक्षणाच्या आधारावर.

नेपथ्यवाला
बुधवार, दुपारी १.०५

दोन वाक्यं.

ठीक आहे. पण ती दोन वाक्यं तिथे नसण्यापेक्षा असणं बरं. मला वाटतं मी तुमच्याशी भांडत होतो तो राग तुमच्यावरचा नव्हता, संदर्भ_हवा. सोबत काम केलेले सहा जण गेल्या चार वर्षांत गेले. प्रकाशयोजना करायचे ते, रंगभूषेच्या ताई. त्यांच्याबद्दल कुठेच एक ओळ नाही. आता मी गेलो की त्यांची नावंही माझ्यासोबत जातील, हे डोक्यात बसलंय.

संदर्भ_हवा
बुधवार, दुपारी १.४०

काका, मग ते आधी करू या. विकिपीडिया राहू दे बाजूला. तुम्ही बोला, आम्ही ध्वनिमुद्रित करतो. पुढे कुणी अभ्यास करेल तेव्हा त्याच्या हाती निदान एवढं तरी असेल.

वाशीकरीण
बुधवार, रात्री ९.२५

माझा या शिबिराशी काडीचा संबंध नाही, मी तिथे कधी पाऊलही ठेवलेलं नाही. मी बालशिक्षणावर अधूनमधून मासिकांत लिहिते. ठाणे-नवी मुंबईच्या शिबिरांवर एक मोठा लेख करावा असं हा धागा वाचताना वाटलं. जुन्यांबरोबर नवी शिबिरंही पाहणार, फिया, जागा, कोण शिकवतं, मुलं काय घेऊन जातात, सगळं. तुमचं शिबिर चांगलं दिसलं तर चांगलं लिहीन, काही खटकलं तर तेही लिहीन. चालेल ना रंगपेटी? तुम्ही लेख छापण्याआधी मागायचा नाही, एवढीच अट.

रंगपेटी
बुधवार, रात्री १०.००

अगदी चालेल. मागणार नाही. शब्द दिला.

माझा लेख मीच आज माझ्या धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या मसुद्याच्या पानावर, हलवला आणि मूळ पान काढायची विनंती टाकली. बालरंगभूमीतल्या परिच्छेदाचा मसुदा तळ्यापल्याड आणि मी मिळून करतो आहोत. शिबिराची दोनच वाक्यं आहेत त्यात. तिसरं लिहिलं होतं, "असंख्य कलाकार घडवले", ते खोडलं.

आज संध्याकाळी बाईंना भेटून आले, ज्यांनी शिबिर सुरू केलं त्यांना. वाटलं होतं लेख काढल्याचं ऐकून नाराज होतील. त्यांनी विचारलं, "त्यात खळीचं प्रमाण लिहिलं होतंस का?" म्हटलं, नाही. मग उठून आतून १९८७ ची हजेरीवही आणली. पहिल्याच पानावर अठ्ठेचाळीस नावं आहेत, समोर खडूच्या पेट्यांचा हिशेब, आणि मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने खळीचं प्रमाण. जुन्या बातम्यांचं विचारलं तर म्हणाल्या, त्या आम्ही ठेवत होतो, पण एका वर्षी मुखवट्यांना रद्दी कमी पडली.

नेपथ्यवाला काका, बाई तुम्हाला ओळखतात. रंगभूषेच्या ताईंचं नाव त्यांनीच आधी काढलं. येत्या शनिवारी चार वाजता त्यांच्याकडे बसायचं ठरलंय, तुम्ही दोघं बोला, आम्ही ध्वनिमुद्रित करतो.

नेपथ्यवाला
बुधवार, रात्री १०.२२

येतो. नावांची यादी करून आणतो.

अकरावी_कॉमर्स
बुधवार, रात्री १०.३०

माझ्याकडे मामाचा रेकॉर्डर आणि दोन माईक आहेत, मी आणतो. ताई, बाईंना ऐकू नीट येतं ना? त्यांनी प्रश्न ऐकला पाहिजे म्हणजे मी कुठे बसायचं ते ठरवतो.

रंगपेटी
बुधवार, रात्री १०.३४

डाव्या कानाने चांगलं येतं. तू डावीकडे बस. आणि चार म्हणजे चारला ये, त्या साडेपाचला दिवा लावायला उठतात.